विश्वप्रसरणाचा वेग : ६७ की ७३?

गेल्या अंकातील लेखात ‘विश्वाच्या प्रसरणाचा वेग नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही’ असे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रे आली, तेवढी उरलेल्या सगळ्या लेखावर मिळून आली नाहीत. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. या वेगाच्या मापाला हबल स्थिरांक म्हणतात. एका पद्धतीने तो सुमारे ६७ येतो आणि दुसऱ्या पद्धतीने सुमारे ७३, हाच वाद आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : विश्व प्रसरण पावत आहे, तर आमचे घर, पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतरही वाढत असेल का? आणि विश्व नेमके कशात प्रसरण पावत आहे? (इयत्ता आठवीतील विद्यार्थिनी, वाई)

उत्तर : आजीने रात्री आंबवायला ठेवलेल्या पिठात मेथीचे दाणे असतील, तर सकाळी पीठ फुगून वर आल्यावर दोन दाण्यांमधील अंतर वाढलेले तुला दिसेल, पण पीठ फुगले म्हणून दाणा मोठा होत नाही. तुझे घर, पृथ्वी, सूर्यमाला आणि आपली आकाशगंगासुद्धा त्या दाण्यासारखी आहे. या सगळ्या वस्तू विद्युत् बलाने किंवा गुरुत्वाकर्षणाने घट्ट बांधलेल्या आहेत, त्यामुळे प्रसरणाचा त्यांच्यावर परिणाम दिसत नाही. आपल्या शेजारची देवयानी दीर्घिका तर आकाशगंगेपासून दूर न जाता सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने तिच्याकडे येत आहे, कारण एवढ्या जवळच्या अंतरावर गुरुत्वाकर्षणाची सरशी होते. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जातो हे तू वाचले असशील, पण त्याचे कारण समुद्राच्या भरती-ओहोटीत आहे; विश्वाच्या प्रसरणाशी त्याचा संबंध नाही.

दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि इथे पिठाची उपमा आपली साथ सोडते. पिठाला पातेले असते. विश्वाला पातेले आहे असे मानण्याची आइन्स्टाइनच्या समीकरणांना गरज पडत नाही. दूरच्या दीर्घिकांमधील अंतरे वाढत आहेत, एवढाच प्रसरणाचा अर्थ आहे. ती वाढण्यासाठी बाहेर रिकामी जागा असावीच लागते, हा आपल्या रोजच्या अनुभवाचा आग्रह आहे.

प्रश्न : ६७ आणि ७३ म्हणजे फरक आठ टक्क्यांचा. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याची चूक आठ टक्क्यांवर आली, तर आम्ही त्याची पाठ थोपटत असू. इथे एवढा गहजब कशासाठी? (निवृत्त गणित शिक्षक, मिरज)

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे. आठ टक्के हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो फरक मोजमापाच्या अनिश्चिततेच्या किती पट आहे, हे पाहावे लागते. आपण गणिताचे शिक्षक असल्यामुळे आकडेच मांडतो.

प्लँक या युरोपीय उपग्रहाच्या निरीक्षणांवरून २०१८ मध्ये काढलेले हबल स्थिरांकाचे मूल्य ६७.४ असून त्यातील अनिश्चितता ०.५ आहे. खगोलशास्त्रज्ञ ॲडम रीस यांच्या गटाने दीर्घिकांची अंतरे मोजून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेले मूल्य ७३.०४ असून अनिश्चितता १.०४ आहे. दोन्ही मोजमापे एकमेकांवर अवलंबून नसल्यामुळे अनिश्चिततांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे. ०.२५ आणि १.०८ मिळून १.३३, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १.१५. मूल्यांतील फरक ५.६४. त्याला १.१५ ने भागले की ४.९ येतात. म्हणजे हा फरक प्रमाण विचलनाच्या जवळजवळ पाच पट आहे, आणि सांगितलेल्या अनिश्चितता खऱ्या असतील, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता दहा लाखांत एक एवढीच उरते. आपल्या विद्यार्थ्याच्या आठ टक्क्यांत आणि या आठ टक्क्यांत अंतर आहे ते हे. वरच्या वाक्यातील ‘अनिश्चितता खऱ्या असतील तर’ हे शब्द मात्र लक्षात ठेवावेत. सगळे भांडण तिथेच आहे.

आता हे आकडे कशाचे, ते सांगतो. एक मेगापार्सेक, म्हणजे सुमारे ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षे. प्रत्येक मेगापार्सेक अंतरामागे दीर्घिकांचा दूर जाण्याचा वेग सेकंदाला किती किलोमीटरने वाढतो, हे हबल स्थिरांक सांगतो. हा वेग वर्णपटातील ताम्रसृतीवरून, म्हणजे प्रकाश तांबड्या बाजूला किती सरकला यावरून, सहज मिळतो. घाम फुटतो तो अंतर मोजताना.

त्यातील एका पद्धतीत आजूबाजूच्या दीर्घिकांची अंतरे थेट मोजली जातात. तिच्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे. दुसरी पद्धत उलट्या टोकाकडून येते. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांपर्यंत विश्व तप्त आणि अपारदर्शक होते आणि त्या तप्त द्रव्यातून ध्वनिलहरी धावत होत्या. विश्व पारदर्शक झाले त्या क्षणी या लहरी जिथवर पोहोचल्या होत्या, तिथेच त्यांचा ठसा उमटून राहिला, आणि तो आज आपल्याला सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमी प्रारणात दिसतो. या प्रारणाचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंश आहे आणि त्यातील चढउतार एक लाखात एक भाग एवढे बारीक आहेत. लहरींनी कापलेले अंतर भौतिकशास्त्राच्या नियमांवरून काढता येते. आजच्या मापाने ते सुमारे ४८ कोटी प्रकाशवर्षे भरते. आकाशात ही पट्टी सुमारे ०.६ अंशाची, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा थोडी मोठी दिसते. पट्टीची लांबी माहीत आहे आणि कोन मोजला आहे, तेव्हा अंतर निघते, आणि विश्वात काय काय भरलेले आहे याचे एक प्रतिमान गृहीत धरले की आजचा प्रसरणवेगही निघतो.

हे एखाद्या जुन्या ठेवीसारखे आहे. मूळ रक्कम आणि व्याजाचा नियम ठाऊक असेल, तर आजची शिल्लक कागदावर काढता येते. बँकेत जाऊन पासबुकात नोंद करून घेतली, तरी तीच कळते. दोन्ही रकमा जुळल्या नाहीत, तर एक तर पासबुक वाचण्यात चूक झाली असेल किंवा व्याजाचा एखादा नियम आपल्याला सांगितला गेलेला नसेल. प्लँकचे ६७.४ हे कागदावरचे उत्तर आहे आणि त्यात ५ टक्के नेहमीचे द्रव्य, सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य (न दिसणारे, पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणारे द्रव्य) आणि ६८ टक्के कृष्णऊर्जा (प्रसरणाला वेग देणारी अज्ञात ऊर्जा) असे प्रतिमान गृहीत आहे. चिलीतील आणि दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणींनी हेच प्रारण स्वतंत्रपणे मोजले आणि त्यांची उत्तरेही ६७-६८ च्या आतबाहेरच आली. तेव्हा एकट्या प्लँक उपग्रहावर खापर फोडण्याची सोय राहिलेली नाही.

प्रश्न : ७३ हा आकडा सेफिड ताऱ्यांवर उभा आहे असे वाचले. हे तारे इतके भरवशाचे असतात का? आणि ते घरच्या गच्चीवरून पाहता येतात का? (हौशी आकाशनिरीक्षक, नाशिक)

उत्तर : सेफिड म्हणजे ठरावीक दिवसांच्या फेऱ्यात उजळणारे आणि मंदावणारे तारे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते अधिक आनंदाचे आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस रात्री आठच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहा. वृषपर्वा तारकासमूह क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या साधारण मध्यावर असेल. त्याच्या एका कोपऱ्यात तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे. त्यातील डेल्टा हा तारा याच जातीचा पहिला नमुना, आणि त्याच्याच नावावरून ‘सेफिड’ हा शब्द आला. उरलेले दोन म्हणजे झीटा आणि एप्सिलॉन. डेल्टा अगदी तेजस्वी असतो तेव्हा झीटाच्या जवळपास पोहोचतो आणि मंद होतो तेव्हा एप्सिलॉनपेक्षाही थोडा फिका पडतो. हा फेरा ५.३७ दिवसांत पूर्ण होतो. रोज रात्री एकदा पाहून ‘झीटाच्या जवळ’, ‘दोघांच्या मध्ये’, ‘एप्सिलॉनएवढा’ अशी नोंद वहीत केली, तर दोन-तीन आठवड्यांत तो चटकन उजळतो आणि सावकाश मंदावतो, हे दुर्बिणीविना लक्षात येते. जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने १७८४ मध्ये हेच केले होते. आपल्याकडे ज्याला अढळपद मिळाले आहे, तो ध्रुवताराही सेफिडच आहे. तो सुमारे चार दिवसांच्या फेऱ्यात उजळतो-मंदावतो, पण फरक इतका किरकोळ की डोळ्यांना कळत नाही.

आता भरवशाचे. हार्वर्ड वेधशाळेतील हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये छोट्या मॅगेलनी मेघातील २५ सेफिडांचा अभ्यास करून दाखवले, की ताऱ्याचा फेरा जितका लांब, तितका तो मुळात अधिक तेजस्वी. फेरा मोजला की मूळ तेज कळते, आणि दिसणाऱ्या तेजाशी त्याची तुलना केली की अंतर कळते. विश्वातील अंतरांच्या शिडीची ही मधली पायरी झाली. खालच्या पायरीवर आकाशगंगेतील सेफिडांची अंतरे पराशयाने, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती सरकलेला दिसतो यावरून मोजतात, आणि गाया उपग्रहामुळे ती आता फार नेमकी मिळतात. वरच्या पायरीवर श्वेत बटू ताऱ्यांच्या स्फोटातून दिसणारे एका विशिष्ट प्रकारचे सुपरनोव्हा असतात. चंद्रशेखर यांनी दाखवलेल्या सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाच्या मर्यादेशी या स्फोटांचे नाते जोडले जाते, आणि किरकोळ दुरुस्त्या केल्यावर त्यांचे तेज बरेचसे सारखे ठरते. ज्या दीर्घिकेत सेफिडही दिसले आणि असा सुपरनोव्हाही फुटला, तिथे या दोन पायऱ्या सांधल्या जातात. रीस यांच्या २०२२ च्या कामात अशा ३७ दीर्घिका आणि त्यांतील ४२ सुपरनोव्हा आहेत. सबंध विश्वाचा वेग सांगणारी शिडी या बेचाळीस खिळ्यांवर टांगलेली आहे, हे वाचून आपल्याला जी अस्वस्थता वाटेल, ती या क्षेत्रातील लोकांनाही वाटते.

शंका मुख्यतः तीन होत्या. एक म्हणजे गर्दी. दूरच्या दीर्घिकेत सेफिडाच्या अगदी लगत दुसरे तारे असतात, त्यांचा प्रकाश मिसळून सेफिड उगाच तेजस्वी दिसतो, म्हणून दीर्घिका जवळ वाटते आणि हबल स्थिरांक फुगून येतो. जेम्स वेब दुर्बिणीने हेच तारे कितीतरी सुस्पष्ट पाहिले आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत हबल दुर्बिणीची मोजमापे बरोबर ठरली. गर्दीची शंका त्या प्रमाणात मिटली. दुसरी धुळीची, जी अवरक्त प्रकाशात बरीच कमी होते. तिसरी ताऱ्यांतील ‘धातूं’ची (खगोलशास्त्रज्ञ हेलियमच्या पुढच्या प्रत्येक मूलद्रव्याला बिनदिक्कत धातू म्हणतात, ऑक्सिजनलाही), कारण रासायनिक घडणीनुसार सेफिडाचे तेज थोडे बदलते.

शिवाय सेफिडांखेरीज इतर ताऱ्यांवरूनही शिडी बांधता येते. खगोलशास्त्रज्ञ वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने सेफिडांसोबत लाल राक्षसी ताऱ्यांच्या तेजाची कमाल मर्यादा आणि कार्बनयुक्त तारे वापरून जेम्स वेबच्या निरीक्षणांवरून सुमारे ७० हे मूल्य काढले आहे. हा आकडा बरोबर मधे येऊन बसतो आणि भांडण मिटवण्याऐवजी दोन्ही बाजूंना बोलायला जागा देतो. रीस यांच्या गटाचे म्हणणे असे, की फ्रीडमन यांच्या नमुन्यात सुपरनोव्हांची संख्या कमी असल्याने हा फरक पडतो.

माझे मत विचाराल, तर मी अजून शिडीकडेच संशयाने पाहतो, आणि त्याला इतिहास कारणीभूत आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत खगोलशास्त्रज्ञ ॲलन सँडेज हबल स्थिरांक ५० च्या जवळ असल्याचे सांगत होते आणि जेरार द व्होकुलर १०० च्या जवळ असल्याचे. दोघेही आपली अनिश्चितता दहा टक्क्यांच्या आसपास धरत होते. २००१ मध्ये हबल दुर्बिणीच्या मुख्य प्रकल्पाने ७२ हा आकडा दिला, तेव्हा दोघेही आपल्या मर्यादेबाहेर चुकले होते असे ठरले. अर्थात आजची शिडी त्या काळच्या शिडीपेक्षा खूपच भक्कम आहे, आणि २०१३ नंतरच्या प्रत्येक तपासणीत ती डगमगेल असे मला वाटत आले आणि ती डगमगली नाही, हेही मला मान्य केले पाहिजे.

प्रश्न : डॉ. जयंत नारळीकरांनी महास्फोट सिद्धान्त कधीच मान्य केला नाही. आता मोजमापेच जुळत नाहीत, म्हणजे शेवटी त्यांचेच खरे ठरले असे म्हणावे का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही, पण या प्रश्नाचा आणि हबल स्थिरांकाचा संबंध आपल्याला वाटतो त्याहून जुना आणि गमतीचा आहे. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये काढलेला स्थिरांक सुमारे ५०० होता. त्यावरून विश्वाचे ढोबळ वय काढायचे तर ९७८ ला त्या आकड्याने भागावे. उत्तर थेट अब्ज वर्षांत येते. ५०० ने भागले की जेमतेम दोन अब्ज, म्हणजे २०० कोटी वर्षे. पृथ्वीवरील खडक त्याहून जुने असल्याचे तेव्हाच दिसू लागले होते. आईपेक्षा मूल मोठे, अशी ही अडचण होती. १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉइल या शास्त्रज्ञांनी स्थिर स्थितीचा सिद्धान्त मांडला, त्यामागील कारणांत ही अडचण एक होती, कारण आरंभच नसलेल्या विश्वाला वयाचा प्रश्न पडत नाही. पुढे १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी सेफिडांचे दोन वेगवेगळे प्रकार असून ते एकच समजले गेल्याचे दाखवले. त्यामुळे दीर्घिकांची अंतरे एकदम दुपटीने वाढली आणि स्थिरांक निम्म्यावर आला. आज ७० ने भागले तर सुमारे १४ अब्ज येतात, आणि ताऱ्यांची वये त्यात बसतात.

नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइल यांचे विद्यार्थी होते. १९९३ मध्ये त्यांनी हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह ‘स्थिरवत् स्थिती’ विश्वाचे प्रतिमान मांडले. त्यात विश्वाला एकच आरंभ नसून ते अतिदीर्घ काळ सावकाश प्रसरण पावत असताना मध्येमध्ये आकुंचन-प्रसरणाचे फेरे घेते, आणि द्रव्याची निर्मिती छोट्या छोट्या स्फोटांतून होत राहते. सूक्ष्मलहरींचे प्रारण म्हणजे ताऱ्यांचाच जुना प्रकाश असून लोहाच्या सुईसारख्या सूक्ष्म कणांनी तो शोषून पुन्हा उत्सर्जित केला आहे, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. अडचण येते ती वर सांगितलेल्या ध्वनिलहरींच्या ठशापाशी. महास्फोटाच्या प्रतिमानात त्या ठशातील चढउतारांचा क्रम आणि उंची मोजक्या राशींवरून आपोआप निघते आणि निरीक्षणांशी काटेकोर जुळते. लोहकणांच्या चित्रात ती तशी निघत नाही.

शिवाय आजचा वाद ६७ की ७३ हा आहे. प्रसरण, तप्त भूतकाळ आणि सुमारे १३८० कोटी वर्षांचे वय दोन्ही पक्षांना मान्य आहे. तेव्हा या फटीतून स्थिर स्थिती परत आत येईल असे दिसत नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले. त्यांचे मत बहुसंख्यांना पटले नाही, पण प्रचलित प्रतिमानाच्या समर्थकांना त्यांनी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे द्यायला मोजमापेच अधिक चांगली करावी लागली. तेव्हा ‘शेवटी त्यांचेच खरे’ हे वाक्य त्यांच्या आदरापोटीही म्हणू नये. पुरावा नसताना आपले म्हणणे कोणी मान्य केलेले त्यांना चालले नसते.

प्रश्न : कृष्णऊर्जा क्षीण होत असल्याच्या आणि ‘आइन्स्टाइन चुकले’ अशा बातम्या मार्च २०२५ पासून वाचत आहे. त्यात किती तथ्य आहे? त्यामुळे ६७-७३ चा प्रश्न सुटतो का? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : ॲरिझोनातील किट पीक येथे चार मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर ‘डेसी’ नावाचे उपकरण बसवलेले आहे. त्यात ५,००० प्रकाशतंतू असून प्रत्येक तंतूला एक चिमुकला यंत्रमानव नेमक्या दीर्घिकेवर रोखतो. पहिल्या तीन वर्षांत त्याने सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार (अतिदूरच्या दीर्घिकांची प्रखर केंद्रे) यांची ताम्रसृती नोंदवली. मिरजेच्या वाचकांना सांगितलेली ४८ कोटी प्रकाशवर्षांची पट्टी दीर्घिकांच्या विखुरणीतही उमटलेली असते, आणि वेगवेगळ्या काळी ती किती मोठी दिसत होती, यावरून प्रसरणाचा इतिहास वाचता येतो.

कृष्णऊर्जा म्हणजे आइन्स्टाइनचा विश्वस्थिरांक असेल, तर विश्व कितीही फुगले तरी तिची घनता तेवढीच राहायला हवी. डेसीचे आकडे सूक्ष्मलहरींच्या आणि सुपरनोव्हांच्या आकड्यांशी जोडले, तर ही घनता अलीकडच्या काही अब्ज वर्षांत कमी होत असावी असे दिसते. मात्र सुपरनोव्हांची कोणती यादी घेतली, यावर या निष्कर्षाचे वजन २.८ पासून ४.२ प्रमाण विचलनांपर्यंत बदलते. यादी बदलली की उत्तराचा जोर बदलतो, हे मला स्वतःला खटकते. घाई केली की काय होते, याचे उदाहरण फार जुने नाही. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ प्रयोगाने आदिकालीन गुरुत्वीय लहरींचा ठसा सापडल्याचे जाहीर केले होते, आणि वर्षभरात तो ठसा बव्हंशी आकाशगंगेतील धुळीचा असल्याचे निष्पन्न झाले.

आता दुसरा भाग. क्षीण होणारी कृष्णऊर्जा मान्य केली, तर सूक्ष्मलहरींवरून निघणारा हबल स्थिरांक वर न चढता उलट किंचित खालीच सरकतो. म्हणजे एकीकडे टाका घालावा तर दुसरीकडे उसवते. ६७ चे ७३ व्हायचे असेल, तर बदल विश्वाच्या बाल्यावस्थेत, ती ध्वनिलहरींची पट्टी तयार होण्यापूर्वी व्हावा लागतो, जेणेकरून पट्टीच थोडी आखूड ठरेल. त्यासाठी ‘आरंभकालीन कृष्णऊर्जा’ सुचवली गेली आहे. काही काळ एकूण ऊर्जेत तिचा दहा टक्क्यांच्या आसपास वाटा होता आणि नंतर ती विरून गेली, अशी ती कल्पना. हवी तेव्हा येणारी आणि काम झाले की निघून जाणारी ही ऊर्जा मला जरा सोयीची वाटते, पण सोयीची कल्पना चुकीचीच असते असेही नाही.

प्रश्न : हबल स्थिरांक वेळेनुसार बदलतो, तर त्याला ‘स्थिरांक’ का म्हणतात? (वाचक, ठाणे)

उत्तर : एकाच क्षणी विश्वात सगळीकडे तो सारखा असतो म्हणून. काळानुसार तो बदलतो, आणि पूर्वी तो आजच्यापेक्षा मोठा होता. नाव चुकीचे पडले, आता ते बदलायला कोणी तयार नाही.

प्रश्न : आमच्या औंढा नागनाथजवळ होणारी लायगो वेधशाळा या वादात काही भर घालू शकेल का? (महाविद्यालयीन प्राध्यापक, हिंगोली)

उत्तर : निश्चित घालू शकेल, आणि शिडीची एकही पायरी न चढता. लायगो गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे सूक्ष्म तरंग, टिपते. १९८६ मध्ये बर्नार्ड शुट्झ यांनी दाखवले, की दोन तारे एकमेकांभोवती फिरत विलीन होताना निघणाऱ्या गुरुत्वीय लहरींतच त्यांचे अंतर लिहिलेले असते. लहरींची वारंवारता ज्या गतीने वाढते, तिच्यावरून त्यांचे मूळ सामर्थ्य कळते. आपल्यापर्यंत आलेल्या लहरी किती क्षीण आहेत, ते उपकरण मोजते. आणि या दोहोंवरून थेट अंतर मिळते. यात सेफिडही नाहीत आणि सुपरनोव्हाही नाहीत. या क्षीण लहरी गोंगाटातून वेचून काढण्याच्या गणिती पद्धतीवर पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेमध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मोलाचे काम केले आहे.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी ही कल्पना प्रत्यक्षात उतरली. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाच्या लहरी आल्या, १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला, आणि सुमारे अकरा तासांनी चिलीतील दुर्बिणीला १३ कोटी प्रकाशवर्षांवरील एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू दिसला. लहरींवरून अंतर आणि दीर्घिकेवरून वेग मिळाला, आणि स्थिरांक निघाला ७०. मात्र अनिश्चितता वरच्या बाजूला १२ आणि खालच्या बाजूला ८. म्हणजे ६७ ही बसतात आणि ७३ ही. अशा सुमारे ५० घटना मिळाल्या, तर अनिश्चितता वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सातपटीने घटून दोन टक्क्यांवर येईल आणि निवाडा करता येईल. दुर्दैवाने त्यानंतर अनेक वर्षे लहरी आणि प्रकाश दोन्ही निर्विवादपणे दिसले अशी दुसरी घटना हाती लागली नाही.

इथे औंढ्याचे महत्त्व आहे. लहरी आकाशातील कोणत्या दिशेने आल्या, हे वेगवेगळ्या वेधशाळांपर्यंत त्या किती फरकाने पोहोचल्या यावरून ठरते. २०१७ मध्ये अमेरिकेतील दोन आणि इटलीतील एक अशा तीन वेधशाळा मिळूनही सुमारे २८ चौरस अंश, म्हणजे शंभराहून अधिक पूर्णचंद्र मावतील एवढा आकाशाचा तुकडा धुंडाळावा लागला. भारतातील वेधशाळा त्या तिघींपासून हजारो किलोमीटर दूर असल्याने हा तुकडा बराच आकसेल आणि दुर्बिणी वेळेवर योग्य दीर्घिकेकडे वळतील. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत. चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाएवढा बदल टिपायचा असल्यामुळे हे काम सावकाश होणार. आपल्या आजच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी त्या नियंत्रण कक्षात बसलेला असेल, एवढा अवधी त्यात आहे.

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. या प्रश्नावर महाविद्यालयाच्या प्रकल्पात काही करता येईल का, की केवळ वाचनच करावे? (विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : करता येईल. ‘पँथिऑन प्लस’ ही सुमारे १,५५० सुपरनोव्हांची यादी सर्वांना खुली आहे आणि डेसीच्या पहिल्या वर्षाची माहितीही मार्च २०२५ मध्ये खुली झाली आहे. साध्या लॅपटॉपवर पायथनमध्ये आडव्या अक्षावर ताम्रसृती आणि उभ्या अक्षावर अंतराची प्रतमापे (दिसणारे तेज आणि मूळ तेज यांच्या प्रतींतील फरक) घेऊन आलेख काढ. पहिल्या आठवड्यात तुला ७३ च्या जवळचे उत्तर मिळेल आणि प्रकल्प संपल्यासारखे वाटेल. तिथे थांबू नकोस. त्या यादीतील सुपरनोव्हांचे मूळ तेज सेफिडांच्या आधाराने ठरवलेले आहे. ती आधाराची ओळ काढून तेज मोकळे सोड आणि तोच आलेख पुन्हा जुळव. वक्राचा आकार जसाच्या तसा राहील, कृष्णऊर्जेचा पुरावाही तसाच राहील, पण स्थिरांकाची किंमत ६७ घेतली काय किंवा ७३ घेतली काय, जुळणी सारखीच चांगली येईल. हजारावर सुपरनोव्हा हाताशी असूनही ती किंमत त्या बेचाळीस दुव्यांवाचून ठरत नाही, हे एकदा स्वतःच्या आलेखावर दिसले, की या विषयावरचा कोणताही शोधनिबंध उघडल्यावर सर्वांत आधी कोणता तक्ता पाहायचा, हे तुला विचारावे लागणार नाही.